पाणक्या

त्या गल्लीत रोज न चुकता शिव्या खाणारा माणूस एकच होता, आणि तो धाकट्याचा बाप होता. गुन्हा म्हणावा तर एवढाच की तो व्हॉल्व्हमन होता. शहराच्या पाणीपुरवठ्यात पाणी सोडायचे आणि पाणी बंद करायचे, हे त्याचे काम. पहाटे पाचला खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी टाकून तो निघायचा, रस्त्यातली झाकणे उचलायचा, खड्ड्यात चावी घालून मोजून फेरे द्यायचा. एका भागाचे दहा फेरे उघडले की दुसऱ्या भागाचे दहा बंद. पाणी मुळातच कमी, त्याला तो तरी काय करणार? पण तलाव, पंप आणि साहेब लोकांना दिसत नाहीत, दिसतो तो चावीवाला. नळाची धार बारीक झाली की अख्खी गल्ली त्याला पाण्यात पाहायची.

तो उलटून कधी बोलला नाही. घरी येऊन चावी दाराआड उभी करायचा, हातपाय धुवायचा आणि एकच वाक्य म्हणायचा, "धाकट्या, तू इंजिनिअर हो." थोरली ताई लग्न होऊन गेली होती, त्यामुळे हे वाक्य झेलायला घरात दुसरे कुणी नव्हते.

इंजिनिअर म्हणजे नेमके काय, हे बापाने एका दारातून पाहिले होते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत साहेबांच्या खोलीला मधल्यामध्ये झुलणारे अर्धे दार होते. हजेरीच्या तक्रारीसाठी त्याच्याबाहेर ताटकळताना खालच्या फटीतून साहेबांचे बूट दिसत. स्वच्छ, कोरडे बूट. बापाच्या पायातली रबरी पायताणे वर्षाचे बारा महिने ओली असत. इंजिनिअर म्हणजे ज्याचे बूट कोरडे राहतात तो, अशी त्याची व्याख्या होती, आणि ती अगदीच चुकीची होती असे म्हणता येणार नाही.

आता गंमत अशी की धाकट्याला पाण्याचीच गोडी. सुट्टीच्या दिवशी तो बापामागून फिरायचा. बाप गळती शोधायचा ती एका साध्या सळईने. सळईचे एक टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकवायचे, दुसरे कानाच्या पाळीमागच्या हाडाला लावायचे आणि श्वास धरायचा. पाणी नीट वाहत असेल तर नुसते घुमते. कुठे निसटत असेल तर बारीक सुसू ऐकू येते. मग दहा पावले पुढे, पुन्हा सळई, पुन्हा श्वास बंद. सुसू वाढली की जवळ आलो, कमी झाली की मागे टाकले. साहेबांची माणसे तीन-तीन ठिकाणी रस्ता फोडून हात हलवत परत जायची आणि बाप एका जागी खडूने फुली मारायचा. खाली फुटलेला नळ असायचाच. कागदावर मात्र शोध साहेबांच्या नावावर लागायचा. धाकटा बारा वर्षांचा होईपर्यंत सुसू आणि घूम यांतला फरक त्याला बापाइतकाच कळू लागला होता, आणि ही विद्या आहे हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हते.

शाळा संपली. अभियांत्रिकी कॉलेजची जागा धाकट्याला चार गुणांनी हुकली. तिसऱ्या दिवशी बाप वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आला. सैन्यात तांत्रिक काम धरावे, चार वर्षे चोख नोकरी करावी, वरिष्ठांची शिफारस मिळवावी, की सैन्याच्याच अभियांत्रिकी कॉलेजात पाठवतात आणि पुरता इंजिनिअर करून सोडतात, असे त्यात होते. दोघे भरतीच्या कचेरीत गेले. बापाने ताईच्या लग्नातला शर्ट घातला होता.

टेबलावर एक पोक्त हवालदार होता आणि भिंतीवर कामांची यादी. यादीच्या डोक्यावर एक चित्र: कानाला हेडफोन लावलेला रुबाबदार जवान. त्याखाली लिहिले होते, रेडिओ ऑपरेटर. बापाने ते चित्र पाहिले आणि त्याच्यापुरती निवड झाली.

"रेडिओत जागा आहे का, साहेब?"

"आहे ना. शेवटच्या दोन आहेत. हुशार दिसतोय मुलगा, टाका अर्ज."

धाकट्याने यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारले, "साहेब, यातलं यंत्र उघडायचं काम कुणाचं?"

"म्हणजे?"

"रेडिओ बिघडला तर ऑपरेटर तो उघडतो का?"

हवालदार हसला. "उघडला तर कोठडीत बसेल. त्यानं बोलायचं आणि ऐकायचं. उघडतो तो मेकॅनिक. त्या जागा गेल्या आठवड्यातच भरल्या."

"मग उघडायचं काम कशात शिल्लक आहे?"

असा प्रश्न त्या टेबलावर आजवर कुणी विचारला नसावा. हवालदाराने चष्मा चढवला आणि बोट यादीच्या तळापर्यंत नेले. "जलशुद्धीकरण. पंप, इंजिन, गाळण्या, रसायनं, नळाचे नकाशे. सगळं उघडायचं, सगळं जोडायचं. त्यातले शिकवणीचे तास कॉलेजसाठी धरतात. ऑपरेटरचे धरत नाहीत, हेही सांगून ठेवतो. पण या कामाला कुणी हात लावत नाही."

"का?"

हवालदाराने आधी बापाकडे पाहिले, मग आवाज जरा खाली आणला. "पाणक्या म्हणतात हो त्याला."

बापाचे कान लाल झाले. धाकट्याने अर्जावर 'जलशुद्धीकरण' लिहिले. निवड व्हायला एवढाच वेळ लागला. मोठे निर्णय असेच होतात, त्यांच्यावर चर्चा नंतर वर्षानुवर्षे चालते.

चर्चेची सुरुवात मामाने केली. मामा म्हणजे आईचा भाऊ, ज्याला कशातही गंमत दिसते असा माणूस. "सैन्यात जाऊन लोक शत्रूला पाणी पाजतात," तो म्हणाला, "आमचा भाचाही पाजणार, पण पेल्यातून!" आई हसू दाबत आत गेली. बाप हसला नाही.

"जन्मभर मी पाणी सोडलं," तो म्हणाला. "आता हा भरणार."

"बाबा, कॉलेजचा रस्ता यातूनच जातो. त्यांनी तुमच्यासमोर सांगितलं."

"रस्ता गेला तर गेला. नाही गेला तर? पाणक्याचा बाप म्हणून मी कुठं तोंड दाखवू?"

धाकट्याच्या मनात आले की व्हॉल्व्हमनचा मुलगा म्हणून मी आजवर दाखवलेच ना. पण तो बोलला नाही. त्याला वाईट वाटले होते, आणि वाईट वाटले की मूग गिळून बसायचे हे तो बापाकडूनच शिकला होता.

तो गाडीत बसून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या शिंप्याने बापाला हटकले. "मुलगा कशात लागला म्हणे?" आणि बापाच्या तोंडून निघून गेले, "रेडिओत." त्याने ठरवून सांगितले नव्हते. चित्र डोळ्यांपुढे होते, शब्द जिभेवर आला. पण शिंप्याच्या दुकानात पडलेला शब्द म्हणजे भोंग्यावरून ओरडल्यासारखाच. संध्याकाळपर्यंत इस्त्रीवाला, दूधवाला, वरच्या मजल्यावरच्या काकू आणि निवृत्त मास्तर, सगळ्यांना समजले की व्हॉल्व्हमनचा मुलगा सैन्यात रेडिओवर आहे. त्या आठवड्यात पाणी दोन दिवस आले नाही, तरी बापाला शिव्या कमी पडल्या. मग तर तो शब्द परत घेणे त्याच्या जिवावर आले.

धाकटा पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा त्याला हे काही ठाऊक नव्हते. पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच शिंपी काखेत रेडिओ घेऊन दारात हजर. "जरा बघ रे, नुसता खरखरतो. तुझ्या हाताखालची गोष्ट." धाकट्याने बापाकडे पाहिले. बाप भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होता. त्या घड्याळाला सकाळीच किल्ली दिलेली होती.

"ठेवा काका," धाकटा म्हणाला. "उद्या देतो."

दुसऱ्या दिवशी तो रेडिओ पिशवीत घालून सायकलवरून पलीकडच्या आळीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेला आणि दुरुस्त करून आणला. गल्ली खूश झाली आणि तिथेच घोडे पेंड खाऊ लागले. पुढच्या सुट्टीत तीन रेडिओ आले. त्याच्या पुढच्या सुट्टीत पाच रेडिओ, एक टेपरेकॉर्डर आणि काकूंची इस्त्री, कारण "त्यातही तारच असते ना". धाकटा सुट्टीचे निम्मे दिवस सायकल मारत होता. दुरुस्तीवाल्याने एकदा न राहवून विचारले, "सैन्यात तुम्हाला शिकवतात तरी काय?" धाकट्याने कानाला खडा लावला की यापुढे सुट्टीच कमी घ्यायची.

बापाला तो एकदाही काही बोलला नाही. बापानेही विषय काढला नाही. घरात दोन माणसांना एक खोटे सांभाळायचे असले की ती फार सभ्यपणे वागू लागतात. आईला हे सगळे दिसत होते. ती आल्या-गेल्याला चहा देत होती आणि गप्प होती.

तिकडे छावणीत मात्र धाकट्याचे बरे चालले होते. नदीचे गढूळ पाणी पंपाने ओढायचे, तुरटी टाकून गाळ बसवायचा, वाळूच्या गाळणीतून काढायचे, क्लोरीन मोजून घालायचे, मग काचेच्या नळीत दोन थेंब टाकून रंग तपासायचा. पंपाने हवा धरली तर तो खोलायचा, इंजिन रुसले तर तेही खोलायचे. हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये असायचे आणि बूट, अर्थातच, ओले. त्यांचा उस्ताद म्हणजे शिकवणारा जुना सुभेदार कडक होता. त्याच्या तुकडीत एक रीत होती, आणि ती कुणी मोडलेली नव्हती. टाकी भरली, तपासणी झाली, की नळ सगळ्यांसाठी सोडण्याआधी ज्याने ते पाणी तयार केले त्याने एक पेला भरायचा आणि सगळ्यांसमोर उभे राहून पिऊन दाखवायचा. "पहिला पेला पाणक्याचा," उस्ताद ओरडायचा. "तो पितो ते फौज पिते. तो पीत नाही ते ओतून द्या." त्या क्षणी रांगेतले अधिकारीही हातातली बाटली रिकामी धरून त्याच्याकडे पाहत थांबायचे.

धाकट्याने हे पत्रात लिहिले. आईने ते पत्र मोठ्याने वाचले. बाप दाराशी बसून पायताणाची वादी शिवत होता. त्याने मान वर केली नाही, म्हणून आईला वाटले त्याने ऐकले नाही.

तिसऱ्या वर्षी छावणीत एक घोळ झाला. पंप पूर्ण ताकदीने चालायचा, पण टाकीत पाणी निम्मेच पोचायचे. उस्तादाने पंप दोनदा खोलला, गाळणी तिसऱ्यांदा धुतली आणि शेवटी हात टेकले. नळ जमिनीखालून हजारभर पावले गेलेला, वरून अवजड गाड्यांचा रस्ता. सगळा उकरायचा तर तीन दिवस, आणि छावणीत पाणी एका दिवसाचे. धाकट्याने तंबूची एक लोखंडी सळई उपटली, नळावरच्या पहिल्या व्हॉल्व्हला टेकवली, कानामागे लावली आणि श्वास धरला. मग पुढचा व्हॉल्व्ह, मग त्याच्या पुढचा, मग रस्त्याच्या कडेने दहा-दहा पावलांवर सळई जमिनीत खोचत. बरोबरची पोरे हसत होती. तासाभराने त्याने खडू मागितला आणि रस्त्यावर फुली मारली. खाली सांधा उसवला होता आणि पाणी खडकाच्या फटीतून मुकाट्याने खाली जात होते.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" उस्तादाने विचारले.

"पुस्तकात नाही, उस्ताद. वडिलांकडून शिकलो."

"काय करतात वडील?"

"व्हॉल्व्हमन आहेत."

हा शब्द उच्चारताना आपला आवाज खाली गेला नाही, हे धाकट्याच्या नंतर लक्षात आले. उस्तादाने खडू परत घेऊन खिशात टाकला. पण चौथ्या वर्षी कॉलेजच्या शिफारशीची वेळ आली तेव्हा त्याने अर्धे पान भरून लिहिले आणि त्यात सळईची हकिगत सविस्तर घातली. अर्ज वर गेला. परीक्षा झाली, धाकटा चांगल्या गुणांनी पास झाला. आता राहिली होती ती घरच्या पत्त्यावरची चौकशी. ती एक औपचारिक बाब असते, असे सगळे म्हणाले.

चौकशीला एक किडकिडीत कारकून आला, हातात वही घेऊन. रीतीप्रमाणे तो आधी गल्लीत पाच जणांना भेटला. शिंपी, इस्त्रीवाला, दूधवाला, काकू, मास्तर. मुलगा कसा? सोन्यासारखा. भांडणतंटा? छे. सैन्यात काय करतो? "रेडिओवर आहे," पाचही जण छाती फुगवून म्हणाले. शिंप्याने तर पुरावा म्हणून स्वतःचा रेडिओ लावून दाखवला. कारकुनाने वहीतला कागद पाहिला, पुन्हा पाहिला. इतक्यात बाप खांद्यावर चावी घेऊन कामावरून परतला. पाचही जण कारकुनाभोवती उभे होते.

"तुमचा मुलगा सैन्यात कोणत्या कामावर आहे?" कारकुनाने विचारले.

बापाला खरे सांगायला एक क्षण मिळाला होता. त्याने पाच चेहऱ्यांकडे पाहिले आणि म्हणाला, "रेडिओवर."

कारकुनाने लिहून घेतले.

बारा दिवसांनी धाकट्याला वरून कागद आला. अर्जदाराने दिलेली माहिती आणि घरच्यांनी दिलेली माहिती जुळत नाही, सबब प्रकरण थांबवले आहे. वडिलांनी स्वतःच्या हस्ताक्षरात खुलासा द्यावा, त्यावर चौकशीतल्या त्याच पाच साक्षीदारांच्या सह्या असाव्यात, दहा दिवसांत पोचावा. न पोचल्यास अर्ज रद्द. पुढच्या वर्षी धाकट्याचे वय मर्यादेबाहेर जात होते, म्हणजे रद्द याचा अर्थ कायमचाच रद्द. तोंडचे पाणी पळणे म्हणजे काय, हे त्याला त्या दिवशी समजले.

चार दिवसांची सुट्टी घेऊन तो निघाला. गाडीत तो रागाने धुमसत होता. चार वर्षे सायकलवरून रेडिओ वाहिले ते आठवत होते. आपल्याला लाज वाटली नाही आणि यांना वाटली, हे सगळ्यात जास्त लागले होते. घरी पोचल्यावर काय काय बोलायचे ते त्याने तीनदा ठरवले. घरी पोचल्यावर त्याने कागद बापाच्या हातात दिला आणि पाणी प्यायला आत गेला.

बापाने कागद वाचला. "मी कचेरीत जाऊन लिहून दिलं तर? तिथल्या तिथं?"

"त्याच पाच जणांच्या सह्या हव्यात, बाबा."

"म्हणजे त्यांना सांगायला हवं."

"हो."

बापाने कागद पुन्हा एकदा वाचला आणि त्याची घडी घातली. मग त्याने विचारले, "शिफारस कशाबद्दल दिली होती तुला?"

"सळईबद्दल."

"कसली सळई?"

धाकट्याने सांगितले. तंबूची सळई, हजार पावले, खडूची फुली. बाप ऐकत होता. पहिल्या व्हॉल्व्हवर आवाज कसा होता, दुसऱ्यावर कसा, हे त्याने मध्येच थांबवून विचारले. रस्ता टणक असला तर सुसू पुढे पळते, फसवते, तेव्हा तू मागे येऊन पाहिलेस का, हेही विचारले. धाकटा म्हणाला, पाहिले. बापाने मान हलवली. दाराआडची चावी उगाचच उचलून पुन्हा त्याच जागी ठेवली आणि म्हणाला, "रविवारी दहाला बोलाव सगळ्यांना. माझं पाणी सोडून होतं तोवर."

रविवारी बाहेरच्या खोलीत पाच माणसे दाटीवाटीने बसली. धाकट्याने आपण होऊन सहावा बोलावला होता, पलीकडच्या आळीतला रेडिओ दुरुस्तीवाला. आता सगळेच उघडे पडायचे तर नीट पडू दे, असा त्याचा विचार. मामाही न बोलावता आला होता. बापाने रात्री लिहून ठेवलेला खुलासा पुढे केला आणि म्हणाला, "यावर सह्या करायच्या आहेत."

मास्तरांनी पेन काढले, पण शिंपी अडून बसला. "वाचल्याशिवाय मी सही करत नाही. आणि चष्मा दुकानात राहिलाय. तुम्हीच वाचा."

सुटका नव्हती. बाप उभा राहिला. साहेबांच्या अर्ध्या दाराबाहेर उभा राहायचा तसा, दोन्ही पाय जुळवून. त्याने वाचले:

"मी खाली सही करणार, पाणीपुरवठ्यात सत्तावीस वर्षे व्हॉल्व्हमन आहे. माझा मुलगा सैन्यात रेडिओवर नाही. कधीच नव्हता. तो पाणी शुद्ध करण्याच्या कामावर आहे. तिकडे त्याला पाणक्या म्हणतात. रेडिओचे मी सांगितले. त्याने मला तसे सांगायला सांगितले नव्हते. शेजाऱ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून साक्ष दिली, त्यांचा दोष नाही. मला त्याच्या कामाची लाज वाटते असे मला वाटत होते. ती माझ्या स्वतःच्या कामाची होती. त्याला शिफारस मिळाली ती जमिनीखालची गळती सळईने ऐकता येते म्हणून. ते त्याला मी शिकवले आहे."

कागद संपला.  काकूंनी डोळ्याला पदर लावला. धाकटा आतल्या दारात उभा होता. गाडीत तीनदा ठरवलेले त्याला आता एकही वाक्य आठवेना.

शिंपी विचारात पडला होता. "ते सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "पण मग माझा रेडिओ कुणी दुरुस्त केला?"

"मी," दुरुस्तीवाला कोपऱ्यातून म्हणाला. "आणि तुमच्या इस्त्रीला हात लावणार नाही म्हणून मी तेव्हाच याला सांगितलं होतं, काकू."

मामा असा काही हसला की त्याला ठसका लागला. मग सगळेच हसले, बापसुद्धा, आणि त्या हसण्यातच पाच सह्या झाल्या. शिंप्याने चष्म्याशिवाय केली, ती रेघेच्या बाहेर गेली.

पुढचे सांगण्यासारखे फार नाही. खुलासा वेळेत पोचला, धाकटा कॉलेजात गेला, इंजिनिअर झाला, सैन्यात वीस वर्षे पाणी आणि पंप सांभाळून बाहेर पडला आणि आज एका शहराचा पाणीपुरवठा पाहतो. त्याच्या खोलीला दार पूर्ण आहे आणि दिवसभर उघडे असते. व्हॉल्व्हमनची भरती होते तेव्हा तो प्रत्येकाच्या हातात सळई देतो आणि ऐकायला लावतो. त्याचे बूट बहुतेक ओलेच असतात. बाप निवृत्त झाला, मग गेला. गल्लीत शेवटपर्यंत त्याला शिव्या पडत राहिल्या, कारण पाणी काही वाढले नव्हते.

पण त्या रविवारचे एक सांगायचे राहिले. सह्या झाल्या तशी आईने पाहुण्यांसाठी तबकात पाण्याचे पेले आणले. मास्तर वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून तिने तबक आधी त्यांच्यापुढे धरले. मास्तरांनी हात पुढे केला, तोच बापाने तबक तिच्या हातातून काढून घेतले.

"थांबा मास्तर," तो म्हणाला. "अजून कुणी घेऊ नका."

तो दोन पावले चालून आतल्या दारापाशी गेला आणि तबक धाकट्यापुढे धरले.

"पहिला पेला पाणक्याचा," बाप म्हणाला. "तो पिईल मग आपण."

धाकट्याने आईकडे पाहिले. आई बापाकडे पाहत होती. खोलीतली माणसे रिकाम्या हातांनी थांबली होती. धाकट्याने पेला उचलला, सवयीने आधी नाकाशी नेला आणि सगळ्यांसमोर उभा राहून एका दमात प्यायला.

"कसं आहे?" बापाने विचारले.

"क्लोरीन थोडं जास्त आहे, बाबा."

"आहेच," बाप म्हणाला. "मी सकाळीच टाकीवरच्या लोकांना सांगितलंय."

मग त्याने तबक मास्तरांपुढे नेले.